'आय डोन्ट लाइक मंडेज' हे गाणं सिंगल म्हणून यायलाच नको होतं

खडीसाखर: बूमटाउन रॅट्स या आयरिश बँडचं हे गाणं सोमवार उजाडला की कुणी ना कुणी स्टेटसला लावतंच. ऑफिसच्या कंटाळ्याचं गाणं म्हणून!

२९ जानेवारी १९७९. सॅन दिएगोत सोळा वर्षांच्या मुलीने घरातून समोरच्या प्राथमिक शाळेवर गोळ्या झाडल्या. मुख्याध्यापक बर्टन रॅग आणि शाळेतले कर्मचारी माइक सूकर गेले. आठ मुलं आणि एक पोलीस जखमी. वार्ताहराने फोनवर कारण विचारलं, तर म्हणाली, सोमवार आवडत नाही. तेच वाक्य गाण्याचं नाव झालं, जुलैत ते सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून, आलं आणि ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मारणारीचं वाक्य जगाला पाठ, गेलेल्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. मला हे पटत नाही.

निशाचर: फक्त नाव नका बघू हो, गाणं ऐका. बँडचा गायक बॉब गेल्डॉफ अमेरिकेत अटलांटाच्या रेडिओ स्टेशनवर असताना टेलेक्सवर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रावर, ही बातमी आली. म्हणून गाण्यात टेलेक्स आहे, हादरलेले आईबाप आहेत, आणि 'का' विचारणारे सगळे आहेत. कारण कुणालाच सापडत नाही. यात त्या मुलीचं कौतुक कुठे आहे? बँडमधल्या जॉनी फिंगर्सचा तो पियानोसुद्धा अंगावर येतो.

खडीसाखर: ऐकूनच बोलतेय. पियानो अप्रतिमच आहे. पण सहा महिन्यांत बाजारात? त्या शाळेतल्या मुलांच्या जखमा तरी भरल्या होत्या का? अमेरिकेतल्या कितीतरी रेडिओ स्टेशनांनी ते वाजवलं नाही, तिथे ते ७३व्या नंबरापुढे गेलं नाही. ज्यांच्या दारात हे घडलं त्यांना ते नको होतं.

कोकणकडा: १९८५चा लाइव्ह एड बघा, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीची ती मोठी मैफल. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर गाण्यातली 'आजचा धडा मरायचा कसा' ही ओळ आली आणि गेल्डॉफ मूठ उंचावून थांबला. एवढं मोठं स्टेडियम, पण त्या क्षणी प्रत्येकाला इथिओपियातला दुष्काळ आठवला. गाणं त्या मुलीच्या हातून तेव्हाच सुटलं.

खडीसाखर: वेम्बलीपुरतं सुटलं असेल. ती या गाण्यामुळे प्रसिद्ध झाली, याची खंत पुढे खुद्द गेल्डॉफनेच बोलून दाखवली आहे. नाव दुसरं ठेवलं असतं तर चालीचं काय बिघडणार होतं?

निशाचर: चालीचं काहीच नाही. पण रॅग आणि सूकर कोण, हे मी या गाण्यामुळेच शोधून वाचलं. एरवी सॅन दिएगोतली ती शाळा मला कुठून कळली असती?