ब्रिटनचे उत्सर्जन निम्म्याहून खाली आले. त्यातील खरी घट किती?

प्रश्न (इरईकाठ)

मी मूळचा चंद्रपूरचा असून सध्या नॉटिंगहॅमजवळ राहतो. ईस्ट मिडलंड्स पार्कवे स्थानकात गाडी थांबली, की रॅटक्लिफ वीजकेंद्राचे आठ कूलिंग टॉवर अगदी समोर दिसतात. ब्रिटनमधील हे शेवटचे कोळशाचे केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले आणि टॉवरवरची वाफ थांबली. हे केंद्र २००० मेगावॉटचे होते, म्हणजे आमच्या चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या केंद्राहून लहानच. सरकारी आकड्यांनुसार देशाचे हरितगृह वायूंचे वार्षिक उत्सर्जन १९९० मध्ये सुमारे ८० कोटी टन होते, ते २०२४ मध्ये सुमारे ३७ कोटी टनांवर आले. ही घट प्रत्यक्षात झाली आहे, की कारखाने परदेशी गेल्यामुळे केवळ कागदावर दिसते?

प्रतिसाद (वीजवाला)

घट खरी आहे, पण तिचा मोठा वाटा एकट्या वीजक्षेत्राचा आहे. १९९० च्या वीज खासगीकरणानंतर कंपन्यांनी उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूवर चालणारी केंद्रे उभारली, कारण ती स्वस्तात आणि लवकर उभी राहत. विजेच्या एका युनिटमागे त्यांचा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याहूनही कमी होता, हा लाभ अनायासे पदरात पडला. तरी २०१२ मध्ये वीजनिर्मितीतील कोळशाचा वाटा पुन्हा ४० टक्क्यांजवळ गेला होता. २०१३ मध्ये सरकारने युरोपीय कार्बन बाजाराखेरीज (तेथे उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यावे लागतात) वीजकेंद्रांच्या कार्बनवर स्वतःचा अधिभार लावला, तो २०१५ पासून टनामागे १८ पौंड झाला, आणि त्याच काळात समुद्रातील पवनचक्क्या वाढत गेल्यामुळे कोळशाचे गणित बसेनासे झाले. २०१२ नंतरच्या बारा वर्षांत कोळसा शून्यावर आला.

याखेरीज १९९६ मध्ये कचरा जमिनीत पुरण्यावर कर लागला आणि कचरा डेपोंतील वायू गोळा होऊ लागला, त्यामुळे मिथेन हा हरितगृह वायू बराच घटला. याची चर्चा मात्र क्वचितच होते. वाहतुकीचे उत्सर्जन टाळेबंदीचे २०२० हे वर्ष वगळता फारसे हललेले नाही आणि आज तेच सर्वांत मोठे क्षेत्र आहे.

प्रतिसाद (हिशेबनीस)

वरील माहिती बरोबर आहे. पण प्रश्न हिशेबाच्या सीमेचा आहे. तुम्ही दिलेला आकडा देशाच्या भूमीवर झालेल्या उत्सर्जनाचा आहे. आपली भाकरी शेजारच्या चुलीवर भाजून घेतली, तर धूर शेजाऱ्याच्या नावावर पडतो, तसे आयात मालाचे उत्सर्जन त्यात येत नाही. उपभोगाच्या आधारे, म्हणजे आयात मालाचेही धरून, मोजलेले उत्सर्जन २००७ च्या सुमारास शिखरावर होते. त्यानंतर तेही उतरले, परंतु १९९० च्या तुलनेतील त्याची घट बरीच कमी आहे.

यॉर्कशरमधील ड्रॅक्स केंद्राचे उदाहरण घ्या. तेथील सहापैकी चार संच आता मुख्यतः अमेरिकेतून आणलेल्या लाकडाच्या गोळ्यांवर चालतात. धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच, पण झाड तोडले त्या देशाच्या जमीनवापराच्या खात्यात तो मोजायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम असल्याने ब्रिटनच्या वीजक्षेत्रात तो शून्य धरला जातो. नियम सर्वांना सारखा आहे, त्यामुळे याला लबाडी म्हणता येणार नाही. तरी आलेख पाहताना ही बाब ध्यानात ठेवावी.

प्रतिसाद (लोखंडी)

रॅटक्लिफ बंद झाले त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टी (ब्लास्ट फर्नेस, म्हणजे कोकच्या साहाय्याने खनिजापासून लोखंड काढणारी भट्टी) विझवण्यात आली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युत भट्टी उभारली जात आहे; तोपर्यंत तेथील रोलिंग मिल बाहेरून आणलेल्या पोलादावर चालते. म्हणजे घटीचा काही भाग दुसऱ्या देशाच्या खात्यात चढलेला आहे. विद्युत भट्टी सुरू झाल्यावर मात्र तेवढ्यापुरती घट खरी ठरेल. दोन्ही घटना एकाच तारखेच्या, पण त्यांचा हिशेब एकाच पद्धतीने करता येत नाही.

प्रश्नकर्ता (इरईकाठ)

सर्वांचे आभार. मी वर्षातून एकदा विमानाने गावी येतो, त्याचा धूर या ३७ कोटींत धरलेला असतो का?

प्रतिसाद (हिशेबनीस)

नाही. आंतरराष्ट्रीय विमान आणि जहाज वाहतूक या बेरजेबाहेर, स्वतंत्र टीप म्हणून दिली जाते. ब्रिटनच्या कायदेशीर मर्यादेत ती प्रथम येईल सहाव्या कार्बन बजेटपासून (कार्बन बजेट म्हणजे पाच वर्षांच्या एकूण उत्सर्जनाची मर्यादा), म्हणजे २०३३ ते २०३७ या काळात.