कृतिदेवमधल्या जुन्या फायली
कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या फायली रूपांतरकातून, म्हणजे त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) बदलणाऱ्या प्रोग्राममधून, एकदा काढल्या की काम संपते, असे काही जण म्हणतात; ते मला अर्धेच पटते. इंदूरमधल्या आमच्या मंडळाची सभासदयादी मी अशीच युनिकोडमध्ये आणली. कृतिदेव हा फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. त्यात ‘कि’ म्हणजे आधी एफ (वेलांटी) आणि मग डी (क), तर युनिकोडमध्ये आधी क आणि नंतर वेलांटी, शिवाय अक्षरानंतर येणारा रफारही त्याच्या आधी न्यावा लागतो. एवढे रूपांतरकाने चोख केले. तो फसला ईमेलच्या रकान्यात: साध्या मजकुरात फॉन्टची खूण उरत नसल्यामुळे खऱ्या रोमन पत्त्यांचेही त्याने अगम्य देवनागरी करून टाकले, आणि ते एकेक करून दुरुस्त करण्यात माझी अख्खी दुपार गेली (मूळ प्रत बाजूला ठेवली नव्हती, हा दोष माझाच).