मदत हवी आहे: मुलाची किडलेली दाढ, वाढते वजन आणि घरातील गोडाचे वेळापत्रक

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेतील तपासणीत त्याची एक दुधाची दाढ किडल्याचे आढळले असून, नुकत्याच आलेल्या कायमच्या दाढेच्या खाचेतही काळी रेघ दिसते आहे. उंचीच्या मानाने त्याचे वजन जास्त असल्याचे बालरोगतज्ज्ञांनी याआधीच सांगितले होते. त्यांनी तळलेले कमी करायला सांगितले, दंतवैद्यांनी ब्रश कसा करावा हे दाखवले. गोडाविषयी मात्र दोघांपैकी कोणीच खोलात जाऊन विचारले नाही.

मला समजले आहे ते असे: तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात आणि लाळेला ते आम्ल निवळायला साधारण अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणजे दातांच्या दृष्टीने गोड किती वेळा तोंडात गेले याला फार महत्त्व आहे, तर वजनाच्या दृष्टीने दिवसभरात एकूण किती गेले याला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेचा वाटा एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवण्यास सुचवले. रोज १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे अवघी २० ग्रॅम साखर, आणि गूळ व मधही त्यातच धरायचे.

आमच्याकडे तो एका बैठकीत फार गोड खातो असे नाही, पण दिवसभर काहीतरी चालूच असते. सकाळी दुधात बुडवलेली बिस्किटे, मधल्या सुट्टीत जॅम लावलेली पोळी, शाळेतून आल्यावर सासूबाईंच्या डब्यातली चिक्की, आणि रात्री ब्रश झाल्यावर चॉकलेटी पावडर घातलेले दूध. चूळ भरायला लावली तरी चिक्कीचा तांबूस कण दाढेच्या खाचेत चिकटलेला दिसतो. ‘गुळाची आहे, साखरेची नव्हे,’ असे सासूबाईंचे म्हणणे. शिवाय नातू खात्यापित्या घरचा दिसतो याचे त्यांना कौतुक, त्यामुळे त्यांना दुखावून हा प्रश्न सुटणार नाही.

गोड फक्त दुपारच्या जेवणासोबत, तेही मोजून, असा नियम करावा असे मनात आहे. असा नियम कोणी केला असल्यास मुलाने एकाच वेळी जास्त मागू नये यासाठी काय केलेत? मधल्या वेळेसाठी फुटाणे, शेंगदाणे आणि ताक सुचते आहे. डब्यात टिकणारे आणखी काय देता येईल? बिनसाखरेचे दूध तो तोंडालाही लावत नाही, तेव्हा पावडर हळूहळू कमी करावी की रात्रीचे दूधच बंद करावे? कायमच्या दाढांच्या खाचा सीलंटने (म्हणजे दातांवर लावायच्या संरक्षक लेपाने) बुजवून घेतल्याचा अनुभव असल्यास तोही कृपया लिहावा, कारण पुढच्या भेटीत दंतवैद्यांना त्याविषयी विचारायचे आहे.