हनोई की सायगाव? आईबाबांसोबत डिसेंबरमध्ये

रानवाट:
डिसेंबरअखेर आईबाबांना घेऊन व्हिएतनामला जायचं ठरलंय. दोघं सत्तरीतले, बाबा अजून खणखणीत पण आईचे गुडघे धरतात आणि ती पक्की शाकाहारी. सुट्टी कमी म्हणून एकाच शहरात मुक्काम ठेवायचाय. दोन्ही पाहिलेल्यांनी सांगा प्लीज.

दर्यावर्दी:
डोळे झाकून हनोई! जुन्या भागात धंद्याप्रमाणे गल्ल्या आहेत, एकीत पत्र्याची ठोकठोक चालू तर दुसरीत वनौषधींच्या पोत्यांचा वास. होआन किएम तळ्याभोवती शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्या बंद असतात, तेव्हा आईंना तिथे बाकावर बसवा, छान वेळ जातो. १०७० सालचं साहित्य मंदिर चुकवू नका, दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या शिळा आणि त्यांवर पूर्वीच्या राजदरबारी परीक्षा पास झालेल्यांची नावं. व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी-शुक्रवारी बंद, बाकी दिवशीही सकाळीच जा.

खारावारा:
गुडघ्यांचा त्रास असेल तर माझं मत सायगाव (आताचं हो ची मिन्ह सिटी). हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवर स्कूटरी लावलेल्या, उरलेल्या जागेत वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, म्हणजे चालायचं रस्त्यावरून आणि त्या स्टुलावर आई बसल्या तरी उठणार कशा? शिवाय तेव्हा तिकडे थंडी, आभाळ भरलेलं, कधी भुरभुर पाऊस. सायगावला त्या दिवसांत कोरडं, दुपारी तिशीच्या वर. ३० एप्रिल १९७५ ला युद्ध संपताना उत्तर व्हिएतनामचा रणगाडा फाटक तोडून ज्या राजवाड्यात (इंडिपेंडन्स पॅलेस) शिरला तो आतून तसाच ठेवलाय, तळघरातले जुने रेडिओ आणि भिंतीवरचे नकाशे बाबांना नक्की आवडतील. युद्ध संग्रहालयात एजंट ऑरेंजचे (अमेरिकेने युद्धात फवारलेलं विषारी तणनाशक) बळी ठरलेल्यांचे फोटो आहेत, बघवत नाहीत, आईंना आधी सांगून न्या. शहराबाहेर कू चीला युद्धातल्या गनिमांची भुयारं आहेत, त्यांत पार वाकून जावं लागतं, तिथे बाबांनाच पाठवा.

तिखटमीठ:
जेवणाचं बघा हं, भाजीतसुद्धा माशाचा सॉस घालतात! पाटीवर 'चाय' (Chay, चहा नव्हे!) दिसलं की ते शाकाहारी हॉटेल, दोन्ही शहरांत आहेत. अमावस्या-पौर्णिमेला तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार पाळतात त्यामुळे तेव्हा पर्याय वाढतात. सायगावात बेन थान मार्केटजवळ भारतीय हॉटेलं आहेत, मरिअम्मन देवीचं देऊळही जवळच.

रानवाट:
खूप आभार सगळ्यांचे! मग सायगावच धरतो. मेकाँग नदीतली बोटीची सहल आईला झेपेल का?

खारावारा:
मोठ्या बोटीत आरामात बसता येतं, पण पुढे कालव्यात छोट्या होडीत उतरवतात आणि ती हलते, चढता-उतरताना हात द्यायला दोघं लागतील. छोटी होडी नको असं बुकिंग करतानाच सांगा.