टोप कोण घासणार? (आमच्या सोसायटीचा ग्रुप, फोंडा)

रविवार

देसाई वहिनी (ए-१०३): सुप्रभात 🙏 कुणावर रोख नाही. पण काल गच्चीवर मुलांना हॉट चॉकलेट दिलं, त्यात साखर किती होती ते कळेल का? ओम दोन कप प्याला आणि रात्री साडेअकरापर्यंत गादीवर उड्या मारत होता.

नाईक काका (बी-००२): सोसायटीचा मोठा टोप बुडाला करपला आहे. तसाच जिन्याखाली ठेवलाय. पुढच्या रविवारी सत्यनारायण आहे. टोप कोण घासणार?

गावस वहिनी (बी-३०१): आमचीपण झोपली नाही. पण मजा खूप आली हां पोरांना.

सावंतभाई (ए-२०२): रोख नाही म्हणायचं आणि पहिला बाण मारायचा. केलं मीच, हे सगळ्यांना माहीत आहे. ६ लिटर दूध, ड्रिंकिंग चॉकलेटचा ५०० ग्रॅमचा डबा, वर पाऊण किलो साखर. बरोबर ४० कप झाले. काल वाहवा करताना कुणी साखर विचारली नाही.

देसाई वहिनी: भाई, तुम्ही मनावर घेऊ नका. एक आई म्हणून विचारलं.

सावंतभाई: आणि आम्ही काय शेजारी म्हणून विष घातलं?

प्रभुदेसाई काका (सी-२०१): मुलांना हळदीचं दूध द्यावं. आपल्याकडे सगळं होतं. आपण ते विसरलो.

राणे (सी-३०२): पाऊण किलो???

सावंतभाई: राणे, तुम्ही स्वतः दीड कप प्यालात.

राणे: मी मूल नाही 😂

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, ग्रुप सूचनांसाठी आहे. बी विंगचा पंप दुरुस्त झाला आहे.

गावस वहिनी: झाला कुठे? तिसऱ्या मजल्यावर अजून धारच येत नाही.

डॉ. कामत (सी-४०१): मी दातांची डॉक्टर आहे, तेव्हा थोडं बोलते. हिशेब सोपा आहे. ७५० ग्रॅम साखर ४० कपांत म्हणजे कपामागे १९ ग्रॅम, जवळपास चार चमचे. डबा वेगळा. डब्यामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. भाईंनी काल डब्याचा फोटो टाकला होता, त्यात पहिलं नाव साखर आणि मग कोको. निम्मी साखर धरली तरी कपामागे आणखी ६ ग्रॅम. झाले २५. अमेरिकन हार्ट असोसिएशन दोन वर्षांवरच्या मुलांना दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एका कपातच दिवस संपला. ओमचे दोन दिवस संपले.

देसाई वहिनी: बघा!! तरीच तो उड्या मारत होता.

डॉ. कामत: नाही हो, ते मात्र मी म्हणणार नाही. साखरेने मुलं नाचायला लागतात हे तपासून झालंय. १९९५ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. मुलांना आणि पालकांना साखर दिली की नाही हे कळू दिलं नाही, तर वागण्यात फरक दिसला नाही. कोकोत कॅफिन असतं, पण मोठ्या चमचाभर कोकोत दहा-बारा मिलिग्रॅम. काल दहा वाजेपर्यंत स्पीकर, तीस पोरं आणि गच्चीवर पकडापकडी. झोप त्याने उडाली. साखर कमी करायची ती दातांसाठी आणि वजनासाठी.

देसाई वहिनी: म्हणजे मी खोटं बोलते का?

डॉ. कामत: वहिनी, तसं कुठे म्हटलं.

सावंतभाई: धन्यवाद डॉक्टर. म्हणजे उड्या माझ्यामुळे नव्हत्या.

हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

राणे: वहिनी, डिलीट केलंत पण मी वाचलं 😂

नाईक काका: सोसायटीचा मोठा टोप बुडाला करपला आहे. कोण घासणार?

सावंतभाई यांनी ग्रुप सोडला

सेक्रेटरी यांनी सावंतभाई यांना जोडले

सेक्रेटरी: भाई, असं करू नका. चवथीची वर्गणी तुम्हीच गोळा करता. तुमच्याशिवाय ग्रुप चालत नाही.

प्रभुदेसाई काका: मुलांना हळदीचं दूध द्यावं. आपल्याकडे सगळं होतं. आपण ते विसरलो.

गावस वहिनी: काका, काल तुम्ही तीन कप प्यालात. मीच ओतून दिले.

प्रभुदेसाई काका: ते चवीपुरतं.

कामत मास्तर (सी-४०१): माहितीसाठी. डच कोको नावाची पावडर मिळते. १८२८ साली हॉलंडमध्ये कोकोतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट निघालं. पुढे कोकोवर अल्कलीची प्रक्रिया सुरू झाली. त्याने कडूपणा उतरतो आणि रंग गडद होतो, पण कोकोतले चांगले घटकही कमी होतात. साधा कोको आंबट-कडू असतो.

राणे: मास्तर, रविवारी गृहपाठ नको.

डॉ. कामत: बाबांचं इथे कामाचं आहे. मुलांसाठी डच कोको घेतला तर साखर आपोआप कमी लागते.

तिळवे (ए-३०१): ए विंगच्या गेटसमोर ती पांढरी गाडी कुणाची? आज पाचव्यांदा विचारतोय.

गावस वहिनी: ऐका, मी महिनाभर घरी हे प्रयोग करतेय, म्हणून सांगते. डबा बंद केला. बिनसाखरेची कोको पावडर आणली. पहिल्या दिवशी गूळ घातला, तोही उकळत्या दुधात. दूध फाटलं! गूळ असा चढत्या उकळीत घालायचाच नाही. गॅस बंद करा, दूध जरा निवू द्या, मग किसलेला गूळ घाला आणि पुन्हा तापवू नका.

देसाई वहिनी: गूळ चालतो ना मग? गूळ म्हणजे साखर नाहीच ती.

डॉ. कामत: दाताला गूळ आणि साखर एकच. चव चांगली, खनिजं थोडी जास्त, पण गोडाचा हिशेब तोच धरा.

देसाई वहिनी: मग मध?

डॉ. कामत: मधाचंही तेच. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. एका जंतूचे बीजाणू मधात असू शकतात आणि इतक्या लहान पोटात ते विष तयार करतात. तिळव्यांकडे दहा महिन्यांचं बाळ आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

तिळवे: बाळाला आम्ही काही देत नाही. गाडी कुणाची ते सांगा.

प्रभुदेसाई काका: हळदीच्या दुधात मध घालतात.

गावस वहिनी: काका 🙏 तर पुढे. आमच्याकडे जमलेला प्रकार असा. एका मुलाला छोटा पेला, १५० मिली दूध. कोको दीड छोटा चमचा, सपाट, डोंगर नको. पावडर थेट दुधात टाकायची नाही, गोळे होतात. वाटीत कोको घ्या, कणभर मीठ घाला, कोमट दूध चमचा-चमचा घालत चमच्याच्या पाठीने रगडा. आधी कोरडं वाटतं, मग एकदम चकाकतं, तव्यावरच्या तुपासारखं. तेव्हाच उरलेलं दूध घाला. मिठाने कडूपणा दबतो, ही माझी खरी युक्ती, कुणाला सांगत नव्हते.

राणे: आता चारशे जणांना सांगितलीत.

गावस वहिनी: ग्रुपात बेचाळीस आहेत हो. आणि ढवळायला रवी. फेस येईपर्यंत घुसळलं की दूध अंगाने दाट लागतं आणि मुलं गोड कमी आहे हे विसरतात. काल भाईंनी डाव फिरवला नाही आणि कोको बुडाला बसला, टोप त्यामुळे करपला. हे प्रेमाने सांगते भाई.

सावंतभाई: मान्य. तिथे स्पीकरवाल्याशी बोलत होतो.

नाईक काका: तर टोप कोण घासणार?

गावस वहिनी: गोडीला एक भिजवलेला खजूर वाटून, किंवा अर्धा चमचा गूळ. दालचिनीची कांडी दुधात. कधी जायफळ, सुईच्या टोकाएवढं.

डॉ. कामत: खजुरात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. एकच, तोही लहान. आणि रात्री प्यायल्यावर ब्रश, नाहीतर सगळी मेहनत वाया.

देसाई वहिनी: एक खजूर, अर्धा चमचा... ओम पिणारच नाही. त्याला डब्याची सवय आहे.

गावस वहिनी: एकदम बंद नका करू. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. आमची पहिल्या दिवशी म्हणाली, "आई, ह्यात चॉकलेट विसरलीस."

पूजा (बी-१०४): आजीचा निरोप, ती सांगते तसा लिहिते: "बाये, कितें तें चॉकलेट! तिजान करून दी भुरग्यांक." म्हणजे पोरांना तिजान करून दे. ते कसं करतात विचारलं तर म्हणाली, नाचणी रात्रभर भिजत घाल, सकाळी वाट, मलमलच्या फडक्यातून गाळ. तो पांढुरका रस मंद आचेवर ढवळत राहा, दाट होईपर्यंत. मग गूळ, नारळाचा रस, वेलची, मिठाचा कण. आम्ही लहानपणी असंच प्यायचो. मी काल त्यात चमचाभर कोको घातला. आजी दहा मिनिटं माझ्याशी बोलली नाही आणि मग वाटी चाटून पुसून ठेवली.

गावस वहिनी: हे भारीच! नाचणीने दाटपणा येतो.

डॉ. कामत: नाचणीत कॅल्शियम भरपूर. १०० ग्रॅम धान्यात ३४० मिलिग्रॅमच्या आसपास. गाळताना थोडं जातं, तरी चालेल.

देसाई वहिनी: पूजा, आजींना विचार, तयार नाचणीच्या पिठाचं चालेल का? सकाळी सातची शाळेची बस असते ग.

पूजा: आजी "चलता" म्हणते, पण तोंड वाकडं करून.

राणे: एवढा कोको आहे तर सावईवेऱ्याच्या कुळागरात जाऊन स्वतःच काढूया. तिथे कोकोची झाडं पाहिलीत, सुपारीच्या सावलीत. फळ सरळ खोडालाच लागतं, कुणीतरी फणसाची पिल्लं चिकटवल्यासारखं.

कामत मास्तर: बिया आधी पाच-सहा दिवस आंबवाव्या लागतात, मग वाळवणं, भाजणं. राणे, तुमच्या हातून नारळ सोलून होत नाही.

राणे: 😐

शिरोडकर (ए-१०१): एक खरी गोष्ट लिहितो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असली पावडर-पेयं 'हेल्थ ड्रिंक' या रकान्यात ठेवू नका, कारण अन्न सुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. मी तोपर्यंत माझ्या मुलाला 'ताकद येते' म्हणून रोज दोन चमचे देत होतो. लाज वाटली. कंपनीपेक्षा जास्त माझीच, मागची बाजू वाचायला सहा वर्षं लागली.

देसाई वहिनी: माझ्याकडेही तसाच डबा आहे शिरोडकर. आताच वाचला. 🙈

सावंतभाई: वहिनी, तुमच्याही घरी तोच?

देसाई वहिनी: तो वेगळ्या कंपनीचा आहे.

सेक्रेटरी: पुढच्या रविवारी पूजेच्या संध्याकाळी मुलांसाठी परत ठेवायचं का? गावस वहिनी आणि सावंतभाई मिळून. ४० कपांना साखर किती ते आधी ग्रुपवर टाका.

सावंतभाई: मी फक्त ढवळीन. साखर वहिनींच्या हातात.

गावस वहिनी: ४० पेल्यांना ४० छोटे खजूर, तितकेच पुरे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कोण जातंय? खजूर आणि माडाचा काळा गूळ आणायचाय, तोही थोडाच, वासापुरता.

प्रभुदेसाई काका: मुलांना हळदीचं दूध द्यावं. आपल्याकडे सगळं होतं.

गावस वहिनी: काका, एक वेगळा पेला तुमच्यासाठी. हळदीचा.

प्रभुदेसाई काका: मला कोकोही चालेल.

बुधवार

देसाई वहिनी: काल नाचणीचं करून बघितलं. पीठ गार दुधात कालवून मग तापवलं, गोळे झाले नाहीत. ओमने एक घोट घेऊन पेला ढकलला. म्हणाला, "हे बागेतल्या मातीसारखं लागतं." मग मी रवीने फेस आणून पुन्हा दिलं, तर प्याला. आज सकाळी पुन्हा मागितलं, फक्त "माती" द्या म्हणून 😂

पूजा: आजी हसतेय. तिला "माती" फार आवडलं.

सावंतभाई: वहिनी, उड्या?

देसाई वहिनी: नऊला झोपला. स्पीकर नव्हता ना.

तिळवे: गाडीवाला सापडला. राणे, तुमच्या मेव्हण्याची होती.

राणे: 😐

शनिवार

नाईक काका: जिन्याखाली टोप चकचकीत आहे! पाणी आणि खायचा सोडा घालून उकळवलेला दिसतोय. कोणी घासला?

सावंतभाई: मी. रात्री दोन वाजेपर्यंत. काथ्याने.

नाईक काका: देव बरें करूं. झाकण कुठे आहे?