विषय: आईचा डेंग्यू, ठाण्यात प्लेटलेटची सोय?

मंडळी, नमस्कार.
ठाण्याला आईला डेंग्यू झालाय. चार दिवस १०३ ताप होता, आज सकाळी उतरला. पण प्लेटलेट ६२ हजारांवर आल्यात. कुणाच्या ओळखीची रक्तपेढी आहे का? बाबा म्हणतात, ताप गेला, आता पपईच्या पानांचा रस देऊ. पोट दुखतंय म्हणते, पण खाल्लं नाही म्हणून असेल.
– खजिनदार

ताई, आधी बाबांना फोन करा, मग हे वाचा. आईंना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवू दे. ही पोटदुखी उपाशीपणाची समजू नका.

मी मुंबईत वॉर्डात बरेच पावसाळे काढलेत. ताप उतरला म्हणून नातेवाईक चहाला खाली जातात आणि तेवढ्यात पेशंटचे हातपाय गार पडतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. विषाणू तेव्हा कमी होत आलेला असतो. पण त्याच्याशी लढायला शरीराने सोडलेली रसायनं आणि विषाणूचं एनएस-वन प्रथिन (आपण ज्याची टेस्ट करतो तेच) मिळून केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल करतात. रक्तातलं पाणी पोटात, फुप्फुसांभोवती झिरपतं आणि आत उरलेलं रक्त दाट होतं. म्हणून रिपोर्टमध्ये प्लेटलेटइतकंच हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, तो आकडा) बघा. ३६ चं ४४ झालं असेल तर गळती चालू आहे. बीपीचा वरचा आकडा फसवतो. १०० बाय ८५ हे ऐकायला बरं वाटतं, पण दोन्हींतलं अंतर २० किंवा कमी झालं की तो शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं, असतो.

प्लेटलेटसाठी धावपळ नको. सिंगापूर-मलेशियातल्या चाचणीत, रक्तस्राव नसताना नुसता आकडा वाढवायला प्लेटलेट देऊन रक्तस्राव टळला नाही. तापाला, अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको.

आईंना पूर्वी डेंग्यू झाला होता का? विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाच्या वेळी तयार झालेली प्रतिद्रव्यं दुसऱ्याला धरतात पण मारत नाहीत, उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसरी खेप जड जाते.
– निवृत्त डॉक्टर, ज्येष्ठ सभासद

काका, रात्रीच ॲडमिट केलं. हिमॅटोक्रिट ४६ निघालं, सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. सहा वर्षांपूर्वी झाला होता म्हणे, आम्ही विसरलोच होतो. आज तिसरा दिवस. भूक लागली, पेज प्यायली, लघवी भरपूर होतेय. पण तळहात-तळपाय खाजतायत, पायांवर लालभडक पुरळ आहे, मध्ये मध्ये पांढरे ठिपके. हे नवीन काय?

ताई, ती बरं होतानाची खाज आहे. बाहेर झिरपलेलं पाणी आता रक्तात परत येतंय. सलाईन अजून चालू असेल तर बाबांना ते थांबवायचं का, हे तिथल्या डॉक्टरांना आजच विचारू दे, नाहीतर जास्तीचं पाणी फुप्फुसांत साठतं. आणि पेजेत मेतकूट घालायला सांगा.