काकूंच्या फोनमधलं बदक

बी-३०२ काकू: काल परत तेच. हैदराबादहून लेक बोलत होती आणि मधेच बदक ओरडल्यासारखी घरघर. एक शब्द कळेना. कशामुळे होतंय ते सगळ्यांना माहीत आहे. मी नाव घेत नाही.

ए-१०१ अण्णा: नाव घ्यायला काय झालं ओ? सी-४०१ चा रेडिओ. गच्चीवरची वायर काढा.

बी-२०१ ताई: 🌹शुभ सकाळ🌹 आज पाणी आहे का?

सेक्रेटरी: परवा. काकू, लेखी तक्रार द्या, मीटिंगमध्ये घेतो.

बी-३०२ काकू: मागच्या वर्षी टाकीच्या गळतीची लेखीच दिली होती. ती कुठल्या मीटिंगमध्ये घेतली तेवढं सांगा.

सी-४०१ हॅम: काकू, त्रास होतोय त्याबद्दल सॉरी. एक विचारू? सकाळी पण काही ऐकू येतं का?

बी-३०२ काकू: येतं की. भजन, बातम्या. ते अगदी स्वच्छ.

सी-४०१ हॅम: सकाळी माझा हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, सेट बंद असतो. भजन मीडियम वेव्ह रेडिओ स्टेशनचं. संध्याकाळचं बदक मात्र माझंच. भिंतीवरून गेलेली तुमच्या फोनची लांब वायर एरियल होते आणि फोनमधले ट्रान्झिस्टर सिग्नलमधून आवाज काढतात. मीडियम वेव्हचा आवाज सरळ निघतो, माझ्या सिग्नलची पद्धत वेगळी (एसएसबी), त्याचा तसा निघत नाही, म्हणून बदक.

ए-१०१ अण्णा: म्हणजे चूक फोनची? वा रे वा. गच्चीवरची वायर काढा.

बी-४०३: काकूंना फुकटात भजन, आम्ही रिचार्ज मारलालाव 😂

सी-४०१ हॅम: अण्णा, परीक्षा देऊन लायसन घेतलंय, दूरसंचार विभागाचं.

ए-१०१ अण्णा: लायसन गाडीचं पण असतंय. म्हणून काय जिन्यात लावायची?

ए-१०३: गाडीचं तुम्ही बोलू नका अण्णा. तुमची स्कूटर रोज माझ्या दारात.

ए-२०२ मास्तर: १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा फोन बंद पडले होते. हॅमवाल्यांनी निरोप पोचवले. पोरगं वाईट काही करत नाही.

ए-१०१ अण्णा: भूकंप झाला की लावू द्या. आत्ता काढा.

सी-४०१ हॅम: मास्तर, तुमच्याकडचा जुना डायलचा फोन चालू आहे ना? त्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसतंच. काकू, बेडरूममधलं एक्स्टेन्शन, कॉलर आयडी, सगळं काढा आणि फक्त तो लावा. ७ ला मी सेट चालू करतो.

ए-२०२ मास्तर: पाठवतो. लई जड आहे, पोरालाच येऊ दे न्यायला.

(संध्याकाळ)

बी-३०२ काकू: बदक नाही. कान दाबून धरला तर अगदी बारीक.

सी-४०१ हॅम: आता तुमचे एकेक परत लावा. ज्याने आवाज येईल तो दोषी.

बी-३०२ काकू: कॉलर आयडीचा डबा लावला की सुरू. 😡 जावयाने आणलाय, त्याला काही बोलू नका.

सी-४०१ हॅम: डब्याच्या वायरला फेराइटची रिंग घालू. लॅपटॉपच्या केबलवर काळा गोळा असतो ना, तसलीच, फक्त मोठी. वायरचे ८-१० फेरे त्यातून घ्यायचे, डब्याच्या अगदी जवळ. पण आत्ता जिन्याखालची फोनची पेटी उघडली. जोड हिरवे पडलेत, वरून पाणी टिपकतंय. गंजलेला जोड पण सिग्नलमधून तसाच आवाज काढतो, तो बारीक आवाज बहुतेक तिथलाच.

बी-३०२ काकू: टिपकतंय कुठून ओ, सेक्रेटरी?

सेक्रेटरी: फोनची पेटी सोसायटीच्या अखत्यारीत येत नाही.

बी-३०२ काकू: टाकी येते का?

ए-१०१ अण्णा: गच्चीवरची वायर

बी-३०२ काकू: अण्णा, वायर राहू द्या जरा. बाळा, रिंगा तू आण, पैसे मी देते. उद्या ये, गरम भाकरी आणि शेंगाची चटणी करते.

बी-४०३: काकू, मला पण बदक ऐकू यायला लागलंय.

सेक्रेटरी: टाकीच्या कामासाठी प्रत्येक फ्लॅटकडून वर्गणी घ्यावी लागेल. कृपया सहकार्य करावे. 🙏

ए-१०३: आमचा तळमजला. टाकी वर गळते तर आम्ही का द्यायचं?